पडद्यावरचे चेहरे आणि आपण

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



महोत्सव समितीने मला बोलावले ते आठवणी सांगण्यासाठी. साठ वर्षांच्या शाळेत आठवणींना तोटा नाही. काचीगुड्याहून पायी येणारी मुले, तास संपल्यावर वाजणारा तो रुळाचा तुकडा, तेलुगू मुलखात राहून मराठी शुद्धलेखनासाठी जीव टाकणाऱ्या बाई, हे सारे माझ्याहून गोड शब्दांत सांगणारे इथे पुष्कळ आहेत. मी आज गेल्या दीड वर्षातल्या एका उपक्रमाविषयी बोलणार आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी याच सभागृहात, याच भिंतीवर पांढरे कापड ताणून, आम्ही काही माजी विद्यार्थी माहितीपट दाखवतो. त्यांतले बहुतेक अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जीवनाविषयी आणि वर्णद्वेषाविषयी होते. आठवणींचा भाग शेवटी येईल, आणि तो फारसा गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

उपक्रम सुरू झाला तेव्हा एका पालकांनी मला जिन्यात थांबवून विचारले, "काका, अमेरिकेतल्या गोऱ्या-काळ्यांचे भांडण हैदराबादच्या मराठी शाळेत कशाला? आपल्या मुलांना शिवाजी महाराज धड ठाऊक नाहीत." प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या जिन्यातल्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर समजा.

प्रथम एका माणसाची गोष्ट सांगतो. हेन्री हॅम्प्टन यांचा जन्म १९४० साली मिझुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरी, एका कृष्णवर्णीय शल्यवैद्याच्या घरी झाला. पंधराव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि पायाचे अधूपण जन्मभर राहिले. पुढे ते बोस्टनला युनिटेरियन पंथाच्या मुख्य कचेरीत माहिती विभागाचे काम पाहू लागले. मार्च १९६५ मध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्च्यावर पुलापाशी लाठ्या आणि अश्रुधूर चालला. त्यानंतर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी देशभरच्या धर्मगुरूंना साद घातली आणि हॅम्प्टन आपल्या पंथाच्या लोकांबरोबर तिथे गेले. ९ मार्चला किंग मोर्चा घेऊन पुलावर आले, त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मोर्चा मागे फिरवला. त्याच रात्री जेम्स रीब नावाच्या गौरवर्णीय युनिटेरियन धर्मगुरूंना रस्त्यात मारहाण झाली, आणि दोन दिवसांनी ते वारले. त्या पुलावर उभे असताना, ही सारी हकिकत कधीतरी कोणीतरी पडद्यावर सांगितली पाहिजे, असे आपल्या मनात आले, असे हॅम्प्टन पुढे सांगत.

'कोणीतरी' म्हणजे शेवटी आपणच, हे उमजायला त्यांना फार वेळ लागला नाही. १९६८ साली त्यांनी बोस्टनमध्ये 'ब्लॅकसाइड' ही चित्रसंस्था काढली. मात्र मनातला चित्रपट व्हायला आणखी जवळजवळ वीस वर्षे गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका व्यापारी कंपनीच्या पैशांवर केलेला पहिला प्रयत्न फसला. ते पुन्हा उभे राहिले, दारोदार फिरून निधी जमवला, आणि जानेवारी १९८७ मध्ये 'आइज ऑन द प्राइज' या मालिकेचे पहिले सहा भाग अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. त्यांत १९५४ ते १९६५ हा काळ आहे. पुढचे आठ भाग १९९० मध्ये आले आणि त्यांनी ती कथा ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत आणून सोडली. मागून ऐकू येणारा शांत आवाज ज्यूलियन बाँड यांचा, जे स्वतः त्या चळवळीतल्या विद्यार्थी संघटनेच्या संस्थापकांपैकी एक.

हॅम्प्टन यांनी हे काम ज्या शिस्तीने केले, ती आपल्यासारख्या शाळेच्या माणसांनी समजून घेण्याजोगी आहे. चित्रीकरणापूर्वी त्यांनी आपल्या साऱ्या चमूसाठी चक्क शाळा भरवली. त्यांनी त्यात इतिहासाचे अभ्यासक आणि चळवळीत प्रत्यक्ष उतरलेली माणसे बोलावली, चमूला वर्गात बसवून ऐकायला लावले आणि वादही घालू दिले. प्रत्येक भागाची जबाबदारी एक कृष्णवर्णीय आणि एक गौरवर्णीय अशा जोडीवर टाकली. त्या जोड्यांत खटके उडत, आणि ते उडावेत अशीच योजना होती. तिसरा नियम असा की, जो तिथे हजर होता तोच पडद्यावर बोलेल. मागाहून अर्थ सांगणारे पंडित त्यांनी पडद्यावर आणलेच नाहीत. त्यामुळे या चित्रपटात स्वयंपाकीण बोलते, शाळकरी मुलगी बोलते, तुरुंगात गेलेला विद्यार्थी बोलतो, आणि समोरच्या बाजूचे गोरे अधिकारीही बोलतात. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्यासारखा वर्णभेदाचा कडवा पुरस्कर्ताही कॅमेऱ्यासमोर बसलेला आहे. त्यांची थट्टा कुठेही केलेली नाही. ते बोलतात आणि आपण ऐकतो, बस. त्या मुलाखती संपूर्ण स्वरूपात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जतन केलेल्या आहेत.

पहिल्या भागात एमेट टिलची कथा आहे. चौदा वर्षांचा हा मुलगा शिकागोहून सुट्टीत मिसिसिपीला नातलगांकडे आला. दुकानातल्या एका गोऱ्या बाईशी आगळीक केल्याच्या आरोपावरून ऑगस्ट १९५५ मध्ये त्याला रात्री घरातून उचलून नेले आणि ठार मारून नदीत टाकले. आईने, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटी उघडी ठेवण्याचा हट्ट धरला. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हजारो माणसे रांगेने पेटीजवळून गेली आणि छायाचित्रे कृष्णवर्णीयांच्या नियतकालिकांत छापली गेली. खटल्यात मोझ राइट हे वयस्क शेतमजूर, मुलाचे नातलग, भर न्यायालयात उभे राहिले आणि त्यांनी आरोपींकडे बोट दाखवले. त्या मुलखात त्या काळी कृष्णवर्णीय माणसाने असे बोट दाखवणे म्हणजे काय, हे समजायला आपल्याला आपल्याकडच्या गावकुसाबाहेरच्या माणसाची आठवण करावी लागते. सर्व गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना सोडून दिले. पुढे त्यांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. एकदा सुटलेल्यावर पुन्हा खटला चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

हा भाग दाखवायचा की नाही यावर आमच्यात आठवडाभर वाद झाला. शेवटी असे ठरले की, नववीच्या खालच्या मुलांना बोलवायचे नाही, आणि त्या छायाचित्राच्या आधी सांगायचे की ज्यांना पाहवणार नाही त्यांनी खाली पाहावे. बहुतेकांनी पाहिले. एक आजी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या आणि बाकावर बसून राहिल्या.

आता हा चित्रपट लोकांपर्यंत पुन्हा कसा पोहोचला ते सांगतो, कारण समूहाने एकत्र बसून चित्रपट पाहण्याचा अर्थ मला त्यातूनच कळला. अशा माहितीपटात जुनी वृत्तचित्रे, छायाचित्रे, गाणी असतात आणि त्या प्रत्येकाचा मालक वेगळा. हॅम्प्टन यांच्याजवळ पैसे बेताचे, म्हणून त्यांनी पुष्कळ हक्क ठरावीक वर्षांसाठीच घेतले होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या मुदती संपल्या. मालिका दूरचित्रवाणीवर पुन्हा दाखवणे बंद झाले, तिची डीव्हीडी निघेना. १९९८ साली हॅम्प्टन वारले. जिने लक्षावधी अमेरिकनांना त्यांचाच इतिहास दाखवला, ती मालिका ग्रंथालयांतल्या झिजत चाललेल्या व्हिडिओ कॅसेटींपुरती उरली, आणि बाजारात त्या कॅसेटींचे जुने संच चढ्या भावाने विकले जाऊ लागले.

अशा वेळी, २००५ च्या आरंभी, मॅसॅच्युसेट्समधल्या 'डाउनहिल बॅटल' नावाच्या तरुण कार्यकर्त्यांच्या गटाने आवाहन केले की, ८ फेब्रुवारीला, कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी राखलेल्या महिन्यात, जिथे जमेल तिथे ही मालिका लावा आणि शेजाऱ्यांना बोलवा. त्यांनी आधी तिच्या प्रती इंटरनेटवरही ठेवल्या होत्या. ब्लॅकसाइडच्या वकिलांनी हरकत घेतल्यावर त्यांना त्या काढाव्या लागल्या. तरीही प्रयोग झाले. कोणी घरात केले, कोणी प्रार्थनामंदिरात, कोणी महाविद्यालयात. मिसिसिपीच्या लढ्यात मार खाल्लेले लॉरेन्स गियो या गृहस्थांनी उघडपणे पाठिंबा दिला. त्यांच्या दृष्टीने हा चित्रपट अडवणे आणि किंग किंवा माल्कम एक्स यांच्यावरची पुस्तके बंद करणे एकच होते. कायद्याच्या दृष्टीने कोण बरोबर, यावर मी इथे निवाडा देणार नाही. ज्यांनी ती वृत्तचित्रे जिवावर उदार होऊन टिपली, त्यांचाही हक्क आहेच. पण त्या गलबल्याचा परिणाम चांगला झाला. त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशनने ६ लाख डॉलर दिले, आणखी एका दात्याने भर घातली, हक्क पुन्हा विकत घेतले गेले आणि ऑक्टोबर २००६ मध्ये मालिका पुन्हा दूरचित्रवाणीवर आली. आम्ही इथे दाखवतो ती नंतर निघालेली अधिकृत प्रत आहे, हे सांगितलेले बरे, नाहीतर आमचे खजिनदार रागावतील.

प्रयोगाची आमची पद्धतही सांगतो. चित्रपट इंग्रजी, तोही दक्षिण अमेरिकी संस्थानांतल्या हेलाचा. मुलांना काय, आम्हांलाही निम्मे कळेना. आमच्या एका निवृत्त बाईंनी तोडगा काढला. त्यांनी आधी अर्धा तास पूर्वरंग सांगायचा, मग चित्रपट सुरू करायचा, आणि मधे तीन-चार ठिकाणी थांबवून मराठीत निरूपण करायचे. कीर्तनाची ही घडी या विषयाला इतकी चपखल बसली की, दुसऱ्या महिन्यापासून काही पालक चित्रपटापेक्षा बाईंच्या पूर्वरंगासाठीच येऊ लागले. नॅशव्हिलचा प्रसंग त्यांनी असा रंगवला की विचारू नका. एप्रिल १९६० मध्ये, चळवळीच्या वकिलाच्या घरावर बाँब पडल्यानंतर, विद्यार्थी नगरभवनावर मूक मोर्चा घेऊन जातात. पायऱ्यांवर डायान नॅश नावाची तरुणी महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारते, केवळ वर्णावरून माणसाला वेगळे वागवणे योग्य आहे का? महापौर राजकारणी उत्तर टाळतात आणि माणूस म्हणून नाही असे सांगतात. तीन आठवड्यांच्या आत नॅशव्हिलमधल्या उपाहारगृहांतले टेबल कृष्णवर्णीयांना खुले झाले. बाईंनी चित्रपट तिथे थांबवला आणि समोरच्या मुलांना विचारले, "तुम्ही महापौर असता तर?" सभागृहात चांगलीच शांतता पसरली.

खरी अडचण भाषांतराची होती. इंग्रजीतल्या त्या शब्दांना मराठीत काय म्हणावे? चित्रपटातली माणसे १९५५ साली स्वतःला 'निग्रो' म्हणतात, १९६८ मध्ये 'ब्लॅक' म्हणतात, आणि दोन्ही शब्द अभिमानाने. आपण 'कृष्णवर्णीय' म्हणतो, तो सभ्य शब्द आहे, पण कागदावरचा. घरात आपण काय म्हणतो? सातवीतल्या एका मुलीने हात वर करून सांगितले, "आमच्याकडे हबशी म्हणतात." सभागृह हसले. मी हसू शकलो नाही. त्याचे कारण पुढे येईल.

हबशी हा शब्द अरबीतून आला. हबश म्हणजे ॲबिसीनिया, आजचा इथिओपिया. ज्या मलिक अंबरने खडकी वसवली, जे पुढे औरंगाबाद झाले, ज्याने निजामशाही उभी धरली आणि ज्याच्याबरोबर शहाजीराजे वावरले, तो हबशी होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनचा कर्ताधर्ता होऊन १६२६ मध्ये वारला. जिन्यातल्या पालकांना मी आज एवढे सांगू शकतो की, शिवाजी महाराजांचा इतिहास सुद्धा हबशी माणसांना वगळून सांगता येत नाही. आणि आपण ज्या शहरात बसलो आहोत तिथे मासाब टँकजवळ 'ए. सी. गार्ड्स' नावाची वस्ती आहे. बसच्या पाटीवर आपण ते नाव जन्मभर वाचले. ए. सी. म्हणजे आफ्रिकन कॅव्हलरी, निजामाचे आफ्रिकी घोडदळ. वनपर्तीच्या राजाकडून ते पथक निजामाकडे आले. १९४८ नंतर संस्थान गेले, पथक गेले, माणसे मात्र तिथेच राहिली. आपल्या शहरातल्या लग्नांच्या वरातीत जो मारफा वाजतो आणि ज्याच्या तालावर आपणही नाचलो आहोत, तो त्यांनी आणि येमेनहून आलेल्या अरबांनी आणलेला.

मराठी माणसाचा या विषयाशी संबंध नवा नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटना काढली तेव्हा नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. उलट दिशेनेही माणसे आली. किंग १९५९ मध्ये भारतात आले असता केरळातल्या एका शाळेत, ज्या शाळेत अस्पृश्य मानलेल्या घरांतली मुले होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले एक अस्पृश्य बांधव अशी करून दिली. किंग यांनी स्वतः पुढे एका प्रवचनात सांगितले की, आधी आपल्याला धक्का बसला, रागही आला, आणि मग विचार करता ते खरेच आहे असे वाटले.

शाळेच्या विषयी आणखी एका चित्रपटाबद्दल सांगितले पाहिजे. आयोवा राज्यातल्या राइसव्हिल या छोट्याशा, संपूर्ण गोऱ्या गावात जेन एलियट नावाच्या शिक्षिका तिसरीला शिकवत. ४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग केले. एक दिवस निळ्या डोळ्यांची मुले श्रेष्ठ, दुसऱ्या वेळी तपकिरी डोळ्यांची. कनिष्ठ ठरलेल्यांच्या गळ्यात कापडी पट्टी बांधायची, त्यांना खेळाची सुट्टी कमी द्यायची. पुढल्या एका वर्गाचे चित्रण १९७० मध्ये झाले आणि १९८५ मध्ये 'अ क्लास डिव्हायडेड' या माहितीपटात तीच मुले मोठी होऊन परत आली. त्यात एक जागा आहे. वाचनाच्या कार्डांचा एक संच कनिष्ठ ठरलेल्या दिवशी मुलांना साडेपाच मिनिटे लागतात. श्रेष्ठ ठरल्यावर त्याच मुलांना अडीच मिनिटे पुरतात. आमच्या एका उत्साही शिक्षकांना हा प्रयोग इथे करून पाहायचा होता. मुख्याध्यापिकांनी नकार दिला आणि माझ्या मते योग्यच केले. आठ वर्षांच्या मुलाला न सांगता एक दिवसही कनिष्ठ करण्याचा हक्क कोणाला आहे, हा प्रश्न मला एलियटबाईंविषयी आदर असूनही पडतो. चित्रपट पाहणे पुरे.

पडदा मात्र आपोआप माणसाला शहाणे करतो असे समजू नये. १९१५ साली ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' निघाला. तो कलेच्या दृष्टीने मोठा, आणि आशयाने विखारी. व्हाइट हाउसमध्ये त्याचा खास प्रयोग झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस क्लू क्लक्स क्लॅन ही विझलेली संघटना पुन्हा पेटली, आणि सभासद गोळा करण्यासाठी तोच चित्रपट वापरला गेला. तोही लोकांनी अंधारात एकत्र बसूनच पाहिला होता. म्हणून आमच्याकडे दिवे लागल्यावर चर्चा झाल्याशिवाय कोणी उठायचे नाही असा दंडक आहे. चहा चर्चेनंतर, आधी नाही.

अशाच एका चर्चेला गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही उस्मानिया विद्यापीठात शिकणारे दोन आफ्रिकी विद्यार्थी बोलावले होते. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीत काँगोच्या एका तरुणाचा खून झाला, आफ्रिकी राजदूतांनी निषेध केला, आणि त्याच सुमारास आपल्या बंजारा हिल्समध्ये गाडी लावण्याच्या वादातून एका नायजेरियन विद्यार्थ्याला मारहाण झाली, हे पुष्कळांना आठवत असेल. पाहुण्यांपैकी एकजण सुदानचा होता. त्याने सांगितले ते इतके मोठे नव्हते. तो म्हणाला, टोलीचौकीत यायच्या आधी मी चार घरे पाहिली. फोनवर घर रिकामे असते, मी दारात उभा राहिलो की भरलेले असते. तो हे हसत सांगत होता. तेव्हा मागच्या रांगेतून एक पालक उभे राहिले. म्हणाले, "मला बोलायचे आहे. माझा एक फ्लॅट आहे. दोन वर्षांपूर्वी मी असेच सांगितले होते. ते तुम्ही नव्हता, दुसरे कोणी होते." एवढे बोलून ते खाली बसले. कोणाला काय बोलावे कळेना. सुदानचा मुलगा म्हणाला, "थँक यू, अंकल." पुढे तो फ्लॅट कोणाला दिला गेला ते मला ठाऊक नाही. मी विचारले नाही.

आता माझी आठवण. १९७३ साली मी याच शाळेत सातवीत होतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता, वर्णाने पुष्कळ काळा, केस कुरळे. त्याचे नाव सांगणार नाही, त्यानेच तशी अट घातली आहे. त्याला 'हबशी' हे नाव मी ठेवले. पहिल्यांदा मीच. माझे चित्र बरे होते, म्हणून मधल्या सुट्टीत फळ्यावर त्याचे जाड ओठांचे, हातात भाला दिलेले चित्र काढले. वर्ग हसला. तास घ्यायला आलेल्या गुरुजींनी ते पाहिले, पुसले, आणि धडा सुरू केला. वर्षभर ते नाव त्याला चिकटले. आठवीत तो दुसऱ्या शाळेत गेला. त्याचे वडील बदलीमुळे गेले असे आम्हांला सांगितले गेले, आणि ते मानणे मला सोयीचे होते.

मी पुढे फिल्म सोसायटीत गेलो, जगातले चित्रपट पाहिले, वर्णद्वेषाविरुद्ध लेख लिहिले. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर निदर्शने झाली, आपल्याकडच्या एका सुप्रसिद्ध क्रीमने नावातून 'फेअर' हा शब्द काढला, त्यावरही लिहिले. ते फळ्यावरचे चित्र मात्र कुठल्याच लेखात आले नाही. ज्या संध्याकाळी सातवीतल्या त्या मुलीने 'हबशी' म्हटले आणि सभागृह हसले, तेव्हा मला ते हसणे ओळखीचे वाटले.

त्याचा पत्ता शोधायला तीन महिने लागले. तो नागपूरला असतो, निवृत्त आहे, नातवंडे आहेत. फोनवर मी माझे नाव सांगितले, तर तो म्हणाला, "चित्र काढणारा?" पन्नास वर्षांनंतर माझी तेवढीच ओळख. मी क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बदली झालीच नव्हती. मीच बाबांना सांगितले होते की मी त्या शाळेत जाणार नाही." मग त्याने विचारले, हे तू कोणाला सांगितलेस? मी म्हटले, कोणालाच नाही. तो म्हणाला, "मग सांग. माझे नाव घेऊ नकोस, पण शाळेत सांग. जिथे काढले तिथे." म्हणून मी आज हे इथे सांगितले. त्या वेळी फळा त्या भिंतीवर होता जिथे आता आम्ही पडदा लावतो.

त्याला मी प्रयोगाला यायचे निमंत्रण दिले आहे. येतो म्हणालेला नाही, नाहीही म्हणालेला नाही. पुढचा प्रयोग येत्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजता; मालिकेतला सहावा भाग, सेल्माचा. खुर्च्या मांडायला साडेपाचला चार-दोन जण आले तर उपकार होतील.